शेहेचाळीस

शेहेचाळीस लिहिलं, एफ-टेन दाबलं, हो म्हटलं.
यंत्र विझलं, पेटलं,
आणि परत तेच: तीन पूर्णांक सहा.
जसं काही मी बोललेच नव्हते.

संध्याकाळपासून हे पाचव्यांदा.
पडद्यावर पंचेचाळीस फुटी होडीचा तळ,
नारळी पौर्णिमेला पाण्यात उतरायची आहे ती,
आणि तळावरचा दाब मोजायला
हा प्रोसेसर मागतो अकरा तास.
अकरा तासांत देवगडची वीज
निदान दोनदा तरी जाते.

बोर्डावरचा बटणाएवढा सेल बदलला;
विसरत असेल बिचारा, विझल्यावर.
विसरत नव्हता.
आत जाऊन पाहिलं, माझ्या हातचे शेहेचाळीस शाबूत.
विंडोजचं वीज वाचवणं बंद केलं.
मोजणारं सॉफ्टवेअरच खोटं बोलतंय म्हणून दुसरं आणलं,
ते दशांशासकट तेच बोललं.
मग नावाच्या शेवटचं अक्षर तपासलं.
त्या एका अक्षराचे कोल्हापूरच्या दुकानदाराने
साडेतीन हजार जादा घेतले होते.
अक्षर होतं जागेवर.

पडवीत बाबा डिझेल पंप सोडवून बसलेले,
पेपरावर नोझल, स्प्रिंगा, राजकारणावर ग्रीस.
चाळीस वर्षं इंजिनांजवळ; डावा कान गेलेला,
उजवा जायच्या वाटेवर.
माझी शिवी तेवढी बरोबर ऐकू गेली.
"काय झाला गो?"
"वेग वाढवलाय, पण घेत नाही."
"रिकामा आसताना घेता काय?"

हे मी पाहिलंच नव्हतं.
दर वेळी गणित चालू ठेवूनच आकडा बघत होते.
फाइल बंद केली,
आणि पाण्याबाहेर मासा उडावा तसा
आकडा चार-सहावर.
फाइल उघडली की खाली.
"मगे गव्हर्नर बांधलेलो आसतलो," म्हणाले,
आणि परत पंपात गेले.

गव्हर्नर सापडला चौथ्या पानावर.
पॉवर लिमिट, समोर लिहिलेलं: ऑटो.
ऑटो म्हणजे, बाई, तुझ्या वतीने ठरवलंय.
पासष्ट वॉट.
मी एकशेपंचवीस केले.

आणि घेतलं त्याने!
सहाच्या सहा गाभ्यांवर शेहेचाळीस,
पंखा नस्तातून सुटलेल्या ट्रॉलरसारखा.
चार मिनिटं.
मग तापमान शंभर, आणि आकडा
पायरी पायरीने उतरत जुन्या जागी येऊन बसला.

बाबा दारात. हात ग्रीसचे,
म्हणून पालथा हात कॅबिनेटला टेकवला.
ते असंच ऐकतात आता.
"सील तोडलंस?"
"हो."
"मियां पण तोडलंय एकदा."
विजयदुर्गाच्या बाहेर, बांगड्याच्या मागे,
दुसऱ्या होडीच्या आधी पोचायचं म्हणून.
कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला.
दोन रात्री वाहवत गेले, बर्फ संपला,
तिसऱ्या सकाळी मासळी परत समुद्रात.
ही गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती.
आईलाही नाही, असं वाटतं.
मग एकदम, "ह्याका पाणी खंय?"
"पाणी नाही. वाऱ्यावर थंड होतो."
"खारो वारो," ते म्हणाले.

उघडलं. हीटसिंकच्या पात्यांत
मिठाने घट्ट झालेली धूळ
आणि पालीचं फुटलेलं अंडं.
बाबांनी नोझलचा ब्रश दिला,
जो ते कुणाला देत नाहीत.
जुनी पेस्ट खरवडली, नवी लावली तांदळाएवढी.

शेहेचाळीस नाहीच टिकत. बेचाळीसवर राहतो,
ऐंशी अंशांना, कुरकुर न करता.
खोटं कशाला बोलू, मला शेहेचाळीसच हवे होते.
नऊ तास वीस मिनिटं, म्हणतोय पडदा.
होडीच्या नाळेजवळचा निळा दाब
एकेक चौकोन हिरवा होतोय.

झोपायला जाताना बाबा परत हात टेकतात.
"किती?"
"बेचाळीस."
हात जरा वेळ तिथेच.
"रॉडाचो आवाज नाय," म्हणतात,
आणि मघापासून शोधत असलेला पंपाचा स्क्रू
माझ्या कीबोर्डखालून उचलून नेतात.